संपाचे कारणही बातमीत सांगा : प्रसार भारती आणि माहिती व प्रसारण मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
प्रसार भारतीचे अध्यक्ष व सदस्य,
आकाशवाणीच्या वृत्तसेवा विभागाचे प्रमुख आणि महाराष्ट्रातील प्रादेशिक वृत्त विभागांचे संपादक,
तसेच माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि संप करण्याचा नियमच बदलला. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस देण्याचे बंधन आधीच्या कायद्यात लोकोपयोगी सेवांपुरते होते. या चारांपैकी औद्योगिक संबंध संहितेने ते सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केले. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही आता संपच धरला जातो. यंत्रमागावर पाळी करणाऱ्याला, औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्याला, बांधकामाच्या जागी राहणाऱ्या कुटुंबाला हा बदल सोप्या मराठीत आणि पुन्हा पुन्हा कोणी सांगायचा? हातातले काम न थांबवता ऐकता येते असे वृत्तमाध्यम नभोवाणीखेरीज दुसरे नाही. कामगारांविषयीचा कायदा इतका बदलला, तरी नभोवाणीवर संपाची आणि आंदोलनाची बातमी ज्या साच्यात येते तो साचा मात्र बदलला नाही, आणि यापुढे तो गप्प राहून ऐकत बसणे मला मान्य नाही. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि इतरांनीही ते वाचावे म्हणून जाहीरपणे, लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वडील एसटीत वाहक होते, भाऊ चालक आहे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा आमच्या घरात त्या संपाच्या दोन्ही बाजू एकत्र नांदत होत्या. भाऊ आगाराच्या फाटकाबाहेर बसलेला होता, आणि माझ्या शाळेतून पुढे तालुक्याच्या गावी शिकायला गेलेल्या मुली बस नसल्यामुळे घरी बसल्या होत्या. त्यांतल्या काहींचे शिक्षण त्या वर्षी जे तुटले ते पुन्हा जुळले नाही. पुढे मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा संप झाला, त्यात मी स्वतः होते. संपामुळे ज्यांचे अडते त्यांचे दुःख मी पाहिले आहे आणि पगार थांबलेल्या घरातला महिनाअखेरही पाहिला आहे. त्यामुळे संपकऱ्यांची बाजू घ्या, अशी मागणी मी करणार नाही. भांडण कशावरून आहे ते सांगा, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकवा, आणि शेवटी काय ठरले तेही सांगा, एवढे मागण्यासाठी मी लिहीत आहे.

ही अपेक्षा माझ्या मनची नाही. ती आपल्याच कायद्यात लिहिलेली आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन ज्या संस्थेकडे आहेत त्या प्रसार भारतीचा कायदा संसदेने १९९० मध्ये मंजूर केला आणि सप्टेंबर १९९७ मध्ये तो अमलात आला. सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींविषयी मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या नागरिकाच्या हक्काचे रक्षण करावे, आणि स्वतःचे कोणतेही मत न रेटता परस्परविरोधी मतांसह माहितीचा समतोल प्रवाह लोकांपुढे ठेवावा, असे त्याच्या कलम १२ मध्ये सांगितले आहे. त्याच कलमात थोडे खाली श्रमिक वर्गाच्या हक्कांचे रक्षण आणि त्यांच्या कल्याणाची वाढ, तसेच शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी झुंज, हीदेखील प्रसार भारतीची कर्तव्ये म्हणून नोंदवलेली आहेत. खासगी वृत्तवाहिनीवर असे कोणतेही कायदेशीर बंधन नाही. आपल्यावर आहे. त्यामुळे संपाची बातमी कशी द्यावी हा आपल्यापुरता संपादकाच्या आवडीनिवडीचा विषय उरत नाही.

माझी तक्रार कोणा एका केंद्राविषयी, एखाद्या वृत्तनिवेदकाविषयी किंवा अमुक दिवशीच्या बातमीपत्राविषयी नाही. दूरचित्रवाणीवरच्या आरडाओरड्यापुढे आकाशवाणीचा संयत स्वर मला मोलाचा वाटतो आणि तो तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे. तक्रार आहे ती साच्याविषयी.

या साच्यात संपाची बातमी परिणामापासून सुरू होते. किती गाड्या सुटल्या नाहीत, कोणती रुग्णालये ओस पडली, प्रवाशांची कशी गैरसोय झाली, हे आधी येते. मग मंत्री किंवा अधिकारी यांचे कामावर परतण्याचे आवाहन येते. कारवाईचा इशारा असला तर तोही येतो. वेळ उरलाच तर शेवटच्या वाक्यात ‘विविध मागण्यांसाठी’ हा संप सुरू असल्याचे कळते. त्या विविध मागण्या कोणत्या, त्या कधीपासून पडून आहेत, त्यांतल्या कोणत्या सरकारने किंवा मालकाने आधीच तत्त्वतः मान्य केलेल्या आहेत, यांपैकी काहीही ऐकणाऱ्याच्या पदरात पडत नाही. अशी बातमी रोज ऐकणाऱ्याला संप म्हणजे पावसामुळे वाहून गेलेल्या पुलासारखी एक आपत्ती वाटू लागते, जिला कारण नसते आणि जी कधी ओसरते याची फक्त वाट पाहायची असते.

कारण वगळले की इतिहासही चुकीचा स्मरणात राहतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. आज चाळिशीच्या आतल्या कोणालाही विचारले तर तो पगारवाढीसाठी होता, असे उत्तर येते. पगार आणि बोनस हे मुद्दे होतेच. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता, गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि आपल्याला नको असलेल्या संघटनेनेच आपल्या वतीने करार करावेत हे कामगारांना सोसत नव्हते. तो कायदा रद्द करा, ही त्या संपाची एक मोठी मागणी होती. कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात गावी परतलेल्या कामगारांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे माहीत असते, तर ‘जास्तीच्या हव्यासापायी गिरणी घालवली’ हे वाक्य त्या कुटुंबांना पुढची कित्येक वर्षे ऐकावे लागले नसते, असे मला वाटते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, हेही आज थोड्यांना ठाऊक आहे.

वेळ कमी असतो, हे उत्तर मला अपेक्षित आहे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून येणारे प्रादेशिक बातमीपत्र असो किंवा संध्याकाळचे, दहा मिनिटांत जेमतेम हजारभर शब्द बसतात आणि त्यात राज्यभरचे सगळे यायचे असते, हे मी जाणते. पण कारण सांगायला तासभर लागत नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू होऊन जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चाललेल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संपाचे उदाहरण घ्या. ‘अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचा ४ डिसेंबरपासूनचा संप आजही सुरू आहे. सेविकांना सध्या दरमहा दहा हजार आणि मदतनिसांना साडेपाच हजार रुपये मानधन मिळते. ते वाढवावे, निवृत्तिवेतन सुरू करावे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील निकालानुसार ग्रॅच्युइटी द्यावी, अशा त्यांच्या मागण्या आहेत.’ यापुढे एका वाक्यात शासनाचे म्हणणे, आणि एका वाक्यात बंद अंगणवाड्यांमुळे बालकांच्या आहारावर काय परिणाम झाला ते. संपूर्ण बातमी पाऊण मिनिटात होते. ऐकणाऱ्याला मानधनाचा आकडा कळतो, न्यायालयाचा निकाल कळतो, मुलांचे नुकसानही कळते, आणि मग कोणाचे बरोबर ते त्याचे त्याला ठरवता येते.

दुसरी गोष्ट बातमीच्या सुरुवातीची. संप अचानक होत नाही. नोटीस दिली जाते, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटाच्या बैठका होतात, निदर्शने होतात, काळ्या फिती लावल्या जातात, एक दिवसाचा लाक्षणिक संप होतो, आणि या सगळ्यातून काही निघाले नाही म्हणजे बेमुदत संपाची वेळ येते. नव्या संहितेप्रमाणे तर किमान चौदा दिवस आधी लेखी नोटीस द्यावीच लागेल. म्हणजे बातमी निदान चौदा दिवस आधी जन्मलेली असते. त्या दिवसांत ती नभोवाणीवर आली, तर बस बंद होणार हे प्रवाशाला आधी कळेल, पालक आपली व्यवस्था लावतील, आणि सरकारवर किंवा मालकावर संप टाळण्यासाठी लोकांचा दबावही येईल. बातमी संपाच्या पहिल्या सकाळी सुरू केली, तर यातले काहीच होत नाही. ‘मेस्मा लागू’ हे दोन शब्द मात्र तत्परतेने ऐकू येतात. अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचा हा कायदा लागू झाल्यावर नेमके काय होते, अटक होऊ शकते का, दाद कोठे मागायची, हे सांगायला कोणी थांबत नाही.

सगळ्यात जास्त खटकते ते बातमीचे अकाली संपणे, आणि याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या तालुक्यांतले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते, आणि त्यांची मुख्य मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनी आपल्या नावावर व्हाव्यात अशी होती. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून फोड आलेल्या पायांनी ते रात्रीतूनच शहरात चालत गेले, हे तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने सांगितले, आणि शिक्षिका म्हणून मला त्याचे अप्रूप अजून आहे. सरकारने लेखी आश्वासन दिले, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे कबूल केले, मोर्चा परतला आणि बातमी तेथे थांबली.

पण प्रश्न थांबला नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेच लोक पुन्हा नाशिकहून निघाले आणि पुन्हा लेखी आश्वासन घेऊन परतले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा लाल झेंडे घेऊन मोर्चा निघाला आणि ठाणे जिल्ह्यात वाशिंदजवळ येऊन थांबला. या तीन मोर्चांच्या मधल्या काळात कोणत्या तालुक्यात किती दावे निकाली निघाले, किती फेटाळले गेले, हे बातमीपत्रातून नियमाने आले असते, तर तिसऱ्या मोर्चाच्या वेळी ‘यांना रोज काहीतरी हवेच असते’ असे म्हणणाऱ्याला आपण काय बोलतो आहोत याचा विचार करावा लागला असता. सहा महिन्यांचे आश्वासन हे सहा महिन्यांनंतरच्या बातमीचे निमंत्रण असते. ती तारीख वृत्त विभागाच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवायला किती खर्च येतो? मार्च २०२३ चा आमचा संपही समिती आणि आश्वासनावर मिटला होता. एसटीच्या संपात महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे या मागणीवर समिती नेमली गेली, तिने विलीनीकरणाची शिफारस केली नाही, मग उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले. समितीने विलीनीकरणाला नकार का दिला आणि त्याऐवजी काय सुचवले, हे माझ्या भावाच्या अनेक सहकाऱ्यांना आजही नीट सांगता येत नाही. या माणसांनी त्यासाठी सहा महिन्यांचा पगार गमावला होता.

आणखी एक उणीव मला नभोवाणीच्याच बाबतीत विशेष जाणवते. हे आवाजाचे माध्यम आहे. मंत्र्यांचा आवाज बातमीत येतो, आयुक्तांचा येतो. संपावर बसलेल्या आशा कार्यकर्तीचा, ऊसतोड मजुराचा, सफाई कामगाराचा आवाज त्यांच्या स्वतःच्या बोलीत क्वचितच येतो, आणि आला तर घोषणांच्या गलक्यातून येतो. घोषणा देणारा माणूस शांतपणेही बोलू शकतो, त्याला हिशेबही मांडता येतो. कोयत्यामागे, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडीमागे, किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, मुकादमाने किती कापून घेतले, टनामागे किती पडले, हे बीड जिल्ह्यातली ऊसतोड करणारी बाई इतके नेमके सांगते की तिच्यापुढे निवेदनाची भाषा फिकी पडते. मुंबई केंद्राची ‘कामगार सभा’ अनेकांना तिच्यातल्या गाण्यांसाठी आठवते. पण कामगार हा आपला श्रोता आहे आणि त्याच्यासाठी रोजची वेळ राखून ठेवली पाहिजे, हा विचार त्या नावातच होता. आज त्या विचाराला बातम्यांत जागा हवी.

आता सामाजिक संघर्षाविषयी. दंगल, दगडफेक, जातीय तणाव यांच्या बातम्यांत आकाशवाणी जी सावधगिरी बाळगते तिला माझा पाठिंबा आहे. समाजांची नावे घेऊन आकडे फेकणे, खात्री नसताना मृतांची संख्या सांगणे, हे आपण करत नाही आणि करूही नये. परंतु सावधगिरी आणि मौन या दोहोंत अंतर आहे, आणि मौनाच्या वेळात अफवा फिरत असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. एखाद्या बातमीपत्राने ते टळले असते, असा दावा मी करणार नाही. मात्र ज्या दिवसांत अशा चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात, त्या दिवसांत ‘अशी कोणतीही टोळी आढळलेली नाही’ हे दिवसातून अनेकदा, अहिराणीत, भिलीत, पावरीत, ओळखीच्या आवाजात सांगता येण्याची सोय त्या भागात असायला हवी. ती सोय नभोवाणीशिवाय कोण करणार?

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. इंटरनेट बंद होते तेव्हा मोबाइलवरच्या बातम्या थांबतात आणि संचारबंदीत वर्तमानपत्रही दारात येत नाही. अशा वेळी नभोवाणी हाच अनेकांचा आधार असतो. कोणत्या भागात संचारबंदी आहे, ती कधी शिथिल होणार, दवाखान्यात कसे जायचे, हे तासातासाला सांगणारे स्थानिक बातमीपत्र त्या काळात आपोआप सुरू झाले पाहिजे. आणि लाठीमारासारख्या प्रसंगात, जसा १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील आंतरवाली सराटी येथे झाला, पोलिसांचे निवेदन आणि जखमी गावकऱ्यांचे म्हणणे ही दोन्ही, कोण काय म्हणते हे स्पष्ट करून, एकाच बातमीत आली पाहिजेत. पोलिसांचे निवेदन आज आणि गावकऱ्यांचे दोन दिवसांनी, हा समतोल होत नाही.

मंत्रालयाला माझे सांगणे वेगळे आहे. या देशात नभोवाणीवर स्वतः बातम्या गोळा करून देण्याचा अधिकार फक्त आकाशवाणीला आहे. खासगी एफएम वाहिन्यांना २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे प्रसारित करण्याची मुभा दिली. सामुदायिक रेडिओ केंद्रांनाही आकाशवाणीच्याच बातम्या, फार तर स्थानिक बोलीत भाषांतर करून, देता येतात. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याविषयी प्रशासनाने दिलेल्या सूचना, यांना मात्र बातमी मानले जात नाही, म्हणून त्या सांगायला हरकत नाही. याचा परिणाम असा होतो की मोर्चामुळे कोणता रस्ता बंद आहे हे एफएम वाहिनी सांगू शकते आणि मोर्चा कशासाठी निघाला आहे हे सांगू शकत नाही. दूरचित्रवाणीला शेकडो वृत्तवाहिन्यांची परवानगी आहे, मोबाइलवर कोणीही काहीही बोलतो, आणि बंदी फक्त त्या माध्यमावर आहे जे सर्वांत स्वस्त आहे आणि निरक्षर माणसालाही पोहोचते. प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच म्हटले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएम वाहिन्यांना दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. त्या शिफारशीवर होय किंवा नाही, आणि नाही तर का नाही, हे श्रोत्यांना स्पष्ट शब्दांत समजलेच पाहिजे. बोलणारा एकच ठेवायचा असेल, तर त्या एकाने काहीही वगळता कामा नये; आणि वगळले जाणारच असेल, तर दुसऱ्यालाही बोलू द्यावे.

वृत्त विभागांतल्या माणसांविषयीही लिहिले पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यांतून बातमी पाठवणारे अर्धवेळ वार्ताहर आणि नैमित्तिक नेमणुकीवर बातम्यांचे भाषांतर व वाचन करणारे लोक यांच्या खांद्यावर हे काम चालते. ज्याला पुढच्या महिन्यात काम मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याने जिल्हा माहिती कार्यालयाच्या पत्रकापलीकडे जाऊन आंदोलनाच्या मंडपात बसावे, ही अपेक्षा न्याय्य ठरण्यासाठी त्याच्या पाठीशी संस्था उभी असावी लागते. या मंडळींनी स्वतःच्या सेवाशर्तींसाठी वर्षानुवर्षे दाद मागितली आहे, आणि त्यांची ती मागणी माझ्या या पत्राचाच भाग समजावी. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला होता. लोकांनी विरोध केला म्हणून तो स्थगित झाला. वृत्त विभाग जितका दूर जाईल तितकी बातमी कागदावरून उचलली जाईल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

संप, बंद, मोर्चा किंवा उपोषण यांच्या प्रत्येक प्रादेशिक बातमीत मागण्यांपैकी निदान मुख्य मागणी, ती किती काळ प्रलंबित आहे, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे असलेच पाहिजे, असा लेखी नियम करावा आणि तो सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध करावा. गर्दीचा, मृतांचा किंवा नुकसानीचा आकडा देताना तो कोणी सांगितला ते सांगावे.

संपाची नोटीस दिली गेल्याच्या दिवसापासून बातमी सुरू करावी. तडजोडीच्या अटी पूर्ण सांगाव्यात, आणि आश्वासनाची मुदत संपेल त्या दिवशी त्याचे काय झाले याची बातमी द्यावी. संबंधित खात्याने उत्तर दिले नाही, तर उत्तर दिले नाही हेच सांगावे.

नव्या कामगार संहितांविषयी आठवड्यातून एकदा, पाळी सुटण्याच्या वेळेला, कामगारांच्या प्रश्नांना कायद्याच्या जाणकारांनी उत्तरे देणारा कार्यक्रम सर्व मराठी केंद्रांवरून सुरू करावा. संघटनांचे प्रतिनिधी, मालकांचे प्रतिनिधी आणि कामगार विभागाचे अधिकारी, तिघेही त्यात असावेत.

इंटरनेट बंद असलेल्या किंवा संचारबंदी लागलेल्या जिल्ह्यासाठी तासातासाला स्थानिक बातमीपत्र देण्याची व्यवस्था आधीच आखून ठेवावी, आणि त्या भागातल्या बोली बोलणारे निवेदक त्यासाठी निवडून ठेवावेत.

प्रत्येक जिल्ह्यात वार्ताहर असावा, त्याला जगण्यापुरते मानधन आणि प्रवासखर्च मिळावा, आणि नैमित्तिक निवेदक-भाषांतरकारांच्या सेवाशर्तींचा प्रश्न मुदत ठरवून सोडवावा. कोणताही प्रादेशिक वृत्त विभाग श्रोत्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय बंद किंवा स्थलांतरित करू नये.

मंत्रालयाने ट्रायच्या शिफारशीवर निर्णय जाहीर करावा, आणि सामुदायिक रेडिओ केंद्रांना आचारसंहिता व तक्रारीची सोय यांसह आपल्या परिसरातील बातम्या देण्याची परवानगी द्यावी.

प्रसार भारती कायद्याच्या कलम १४ व १५ मध्ये तक्रारी ऐकण्यासाठी प्रसारण परिषदेची तरतूद आहे. बातमीत एखादी बाजू वगळली गेली असे वाटल्यास सामान्य श्रोत्याने तक्रार कोठे, कशी करायची आणि उत्तर किती दिवसांत मिळेल, हे बातमीपत्रानंतर नियमितपणे सांगण्यात यावे.

या पत्राचे उत्तर मला खासगीरीत्या पाठवू नये, अशी विनंती आहे. यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे आपण प्रादेशिक बातमीपत्रातूनच सांगावे.

आपली,
एक शिक्षिका आणि आकाशवाणीची नियमित श्रोती